पेटी क्रमांक नऊ

तवसाळच्या सड्यावर जेटीच्या रस्त्यासाठी भोकं पाडतायत.
मी पेट्यांवर आकडे घालते.
रोजी साडेचारशे. रंग त्यांचा, ब्रश माझा.

लाकडी पेटी, पाच खण, खणाखणात
मनगटाएवढ्या जाड दगडाच्या कांड्या,
वरची वर, खालची खाली.
बाकी काही चुकलं तरी चालेल, दाऊद मिस्त्री म्हणाला,
वरखाली झालं
तर पोर आधी जन्मेल आणि आई मागाहून.

शून्य ते सहा मीटर: जांभा.
हा घरचाच. भिंत, गडगा, विहिरीचं तोंड.

सहा ते नऊ: शेडी.
हिची कांडी निघत नाही, पिशवीत भरावी लागते.
दोन्ही बाळंतपणांआधी मी ही चोरून खाल्ली आहे.
तक्त्यात चवीला रकाना नाही.

नऊपासून काळा कातळ.
यंत्राचा आवाज बदलतो, मिस्त्री बोलायचा थांबतो.
दिवसाला दोन मीटर, कधी दीड.
काळा, मग काळा, मग थोडा भोकाभोकाचा काळा.
मी रंगाच्या डब्यात पाणी घालून डबा पुरवते.

एकवीस पूर्णांक चाळीसला
आवाज एकदम मऊ झाला.
कांडी आली ती राखी,
पापड एकावर एक रचावेत तशी,
जेमतेम वीतभर.
खाली पुन्हा काळा.

टोळकर बाई रत्नागिरीहून आल्या, उकिडव्या बसल्या.
एक लाव्हा आला, निवला, म्हणाल्या.
मग दुसरा आला.
मधे?
मधे वेळ होता.
किती?
तळं भरण्याइतका.

पाणी मार, मिस्त्री म्हणाला, कोरडा दगड बोलत नाही,
आणि स्वतःच्या बाटलीतलं ओतलं.
एक पदर सुटला.
खसखशीएवढे शिंपले,
तांदळाच्या कणीएवढी गोगलगाय,
आणि मधोमध
बेडूक.

एवढासाच. डोक्याचं हाड हरभऱ्याच्या डाळीएवढं,
पाठीचे मणके मी मोजले, बाईंनी परत मोजले.
साडेसहा कोटी वर्षांनी त्याच्या अंगावर पाणी पडलं
ते गुहागरच्या डेपोसमोर भरलेलं.

बाई बोलत राहिल्या:
तिकडे नर्मदेच्या बाजूला तेव्हा
केवढाली जनावरं अंडी घालून जात.
इथे हा.
आणि समुद्र, मी विचारलं.
समुद्र नव्हता, म्हणाल्या. पश्चिमेलाही जमीनच.

आम्ही खारवी. माझा नवरा त्या क्षणी
बारा वाव पाण्यात जाळं सोडून बसलेला.
मी समुद्राकडे बघितलं.
तो नेहमीसारखाच,
आपणच मूळ पुरुष असल्याच्या थाटात.

या सड्याच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत.
त्यातले चार मुंबईत, एक वेडा, दोघांचं कोर्टात.
काम सुरू होताना गावकराने नारळ ठेवून
जागेवाल्याला हाक मारली, सीमेवाल्याला मारली,
चुकल्यामाकल्याची माफी मागितली.
होय महाराजा, आम्ही सगळे म्हणालो.
चुकलामाकला तो कोण, तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग बाईंनी भिंग काढलं आणि गप्प झाल्या.
उजवा मागचा पाय गुडघ्यापर्यंतच होता.
मोडलेला नाही. कापलेला, ताज्या काठाचा.
कांडी जिथे संपते तिथे तोही संपतो.
बाकीचा पाय
अजून खाली आहे.

बेडूक कापसात गुंडाळून पुण्याला गेला.
मी पेटीवर नऊ लिहिलं,
एकवीस चाळीस ते एकवीस साठ लिहिलं,
निरीक्षणाच्या रकान्यात बाईंनी काहीतरी लिहिलं,
ते अक्षर मला लागलं नाही.
भोकात सिमेंट ओतलं. वर खडूने फुली.

दुसऱ्या दिवशी यंत्र चाळीस पावलं सरकलं.
चहाच्या सुट्टीत मिस्त्री सावली बघून
जुन्या भोकापाशीच खुर्ची मांडून बसला.
एक घोट घेतला.
मग उठला, खाली बघितलं,
आणि काही न बोलता
खुर्ची हातभर बाजूला घेतली.